शिकेकाईचा डबा

माझ्याकडे चहाचे त्रेचाळीस जुने डबे आहेत आणि आमच्या घरातली चहाची पूड मात्र लोणच्याच्या रिकाम्या बरणीत असते. आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ही गंमत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकवली आहे, आणि दर वेळी ती आत्ताच सुचल्यासारखे ते हसले आहेत. गणिताचा शिक्षक निवृत्त झाला तरी त्याला वर्ग लागतोच, आणि वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या बैठकीत जो कोणी टेकेल तो आता त्यांचा वर्ग.

जुन्या काळी चहा महाग होता. ज्यांच्या घरी तो असे, त्यांना तो मिरवायचाही असे आणि नोकराचाकरांपासून लपवायचाही. म्हणून डबे नटवलेले आणि त्यांना कुलूपं. माझ्याकडे एक पितळी आहे, त्याच्या झाकणावर द्राक्षाची वेल कोरलेली. एक काश्मिरी, कागदाच्या लगद्याचा, त्यावरचे गुलाब अजून ताजे दिसतात. एक लाकडी आहे, आतून शिशाचा पत्रा लावलेला. बाकीचे बहुतेक पत्र्याचे, रंगीत चित्रांचे. चहाचा खरा डबा ओळखायची खूण म्हणजे आतलं दुसरं झाकण. दुसरी खूण नाक. दमट दिवसांत कपाट उघडलं की त्यांतल्या काही डब्यांना अजून वास येतो, आणि मी दार धरून थोडा वेळ तिथंच उभी राहते. मास्तर म्हणतात, फुकटचा चहा पिऊन राहिली.

हे सगळं जाम या गावच्या चौकात सुरू झालं. मी तेव्हा नोकरीत होते, सरकारी कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर. समुद्रपूरहून परतताना बस चुकली, आणि दुसरी येईपर्यंत मी एका भंगारवाल्याच्या दुकानासमोर सावलीला उभी राहिले. त्याच्या पायाशी एक लाल डबा होता. झोपाळ्यावर बसलेली बाई, हातात कपबशी, मागे मोर. मी उचलला तर आत खिळे. तो डबा मला द्या म्हटलं, तर तो बिचारा गोंधळला. डबा द्यायला त्याची ना नव्हती, पण खिळे कशात ठेवायचे, हा त्याचा प्रश्न होता. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम जामला उतरले आणि त्याला झाकणाचा स्टीलचा डबा नेऊन दिला. रिकामा डबा कोणाच्या हातात देऊ नये म्हणून त्यात घरचा चिवडा भरला. चिवडा कागदात काढून घेऊन त्यानं खिळे स्टीलच्या डब्यात ओतले आणि माझा मोर मला दिला.

तेव्हापासून माझी तीच रीत पडली. मी डबा विकत घेत नाही, डब्याला डबा देते. जुन्या डब्यात कोणाचं तरी काहीतरी असतंच, दोरे-बटणं, मेथीचं बी, गेलेल्या माणसाची औषधं. तो डबा न्यायचा तर आतल्या वस्तूला दुसरं घर द्यायला नको का? स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात मी आता इतकी ओळखीची झाले आहे, की मला पाहिल्यावर तिथला माणूस न विचारता एक किलोचा डबा काढून ठेवतो.

पण या त्रेचाळिसांतला एक असा आहे की ज्याच्यासाठी उरलेले बेचाळीस मी हसत देईन. तो मला सिंदीहून मिळाला. सिंदी म्हणजे रेल्वेची सिंदी, आमची मेघ्यांची नव्हे. एका सिंदीत माहेर आणि दुसऱ्या सिंदीत घर असलेल्या बाईच्या किती लग्नपत्रिका चुकीच्या गावी गेल्या असतील, ते पोस्टमनलाच ठाऊक. तो डबा माझ्या मोठ्या आईचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोचा. आणि त्या डब्याचं मी जे केलं ते आधीच लिहून टाकते, नाहीतर मधेच कुठंतरी मी ते गोड करून सांगेन. त्यावर मोठ्या आईनं स्वतःच्या हातानं लिहिलेला एक शब्द होता. तो मी पुसला.

सिंदीला आजोबांचं कापडाचं दुकान होतं, घर मागे. आमच्या जिल्ह्यात त्या काळी काहीतरी सोडण्याची साथच होती. कोणी साखर सोडली, कोणी पायातल्या वहाणा सोडल्या, आमच्या आजोबांनी चहा सोडला. एकट्यानं सोडला असता तर त्यांचा तो प्रश्न होता, पण त्यांनी सगळ्या घराला सोडायला लावला. घरात चहाचं नाव काढायचं नाही, पाहुण्याला ताक द्यायचं. आणि नेमक्या अशा घरात, कापसाच्या जिनिंग कारखान्याचा एक साहेब बदली होऊन जाताना आजोबांना आठवण म्हणून चहाचा डबा देऊन गेला. काळाभोर, चकचकीत रोगणाचा, त्यावर सोनेरी बगळे आणि लव्हाळी, समोर मधोमध पितळेची कुलूपपट्टी, आत दोन कप्पे. आजोबांनी आतला चहा नालीत ओतला आणि डबा स्वयंपाकघरात पाठवला. किल्ली साहेबाच्याच खिशात राहिली असणार.

मोठी आई तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती. माहेरी चहाची सवय, त्यामुळे इथं दुपारी चारला डोकं ठणकायचं. अक्षरओळख नव्हती. मोठे बाबूजी, म्हणजे तिचा नवरा, शाळेत शिक्षक, ते तिला दुपारच्या सुट्टीत पाटीवर अक्षरं शिकवत. वर्षभरात ती लिहायला लागली, आणि शिकलेल्या विद्येचा पहिला उपयोग तिनं असा केला, की दुकानाची पाटी रंगवून उरलेला पांढरा रंग घेऊन त्या काळ्या डब्यावर ‘शिकेकाई’ असं लिहिलं आणि आत चायपत्ती भरली. एका कप्प्यात पत्ती, एका कप्प्यात साखर. मधे कुलूपपट्टी आल्यामुळे शब्दाचे दोन तुकडे झाले होते, पट्टीच्या अलीकडे ‘शिके’ आणि पलीकडे ‘काई’. खरी शिकेकाई न्हाणीघरात गाडग्यात असायची. आजोबा स्वयंपाकघरात कधी आले तरी बायकांच्या केस धुण्याच्या डब्याला हात लावणाऱ्यांतले नव्हते.

त्या डब्यामुळे आमच्या घरात एक भाषाच तयार झाली. दुपारी आजोबा दुकानात डुलकी घेत, तेव्हा मोठी आई विचारायची, ‘केस धुवाचे हाय काय?’ आणि घरातल्या सगळ्या बायकांचे केस एकदम मळायचे. माझी आई नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा तिनं पहिल्याच शुक्रवारी खरोखर केस धुवायला तो डबा उघडला. आत पाहिलं, मोठ्या आईकडे पाहिलं, केस तसेच वर बांधले आणि चुलीपाशी जाऊन बसली. दोघी जावांचं जे जमलं ते त्या दिवसापासून. मोठे बाबूजीही ‘केस धुवायला’ येत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मला मात्र कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं. मी चार-पाच वर्षांची. वाटीभर गरम, गोड, तपकिरी जे काही मिळतं त्याला शिकेकाई म्हणतात, एवढंच मला ठाऊक. एकदा आजोबांकडे नागपूरचे एक व्यापारी आले. मला घरच्या वळणाचा फार अभिमान. मी गादीपाशी जाऊन त्यांना म्हटलं, ‘तुम्ही शिकेकाई पेता काय? आमची लय गोड राह्यते.’ व्यापारी हसले. आजोबा हसले नाहीत. नातीच्या पोटात शिकेकाई गेली या काळजीनं त्यांनी आत हुकूम सोडला, पोरीला एरंडेल द्या. आता खरं सांगावं तर सगळ्यांचाच चहा बंद होणार. मोठ्या आईनं मला मांडीवर घेतलं, माझं नाक दाबलं आणि एरंडेलाचे दोन चमचे पाजले. मी रडत होते आणि तीही रडत होती. संध्याकाळी तिनं मला दुप्पट साखरेची शिकेकाई दिली आणि कानात सांगितलं, हे नाव बाहेर घेत नसतात. या डब्यासाठी मी एरंडेल प्यालेली आहे, त्यावर माझा हक्क आहे, असं मी पुढं आयुष्यभर तिला ऐकवत आले.

आजोबा गेले, घरात उघड चहा आला, गॅस आला, स्टील आलं. डबा तसाच फळीवर राहिला आणि मोठी आई त्यातच चायपत्ती ठेवत राहिली. बारा वर्षांपूर्वी मोठे बाबूजी गेले. माझा छंद वाढत गेला तशी मी तो डबा मागत गेले, आणि ती हसून विषय बदलत गेली. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी सिंदीला गेले तेव्हा तिनं स्वतःच तो फळीवरून काढायला सांगितला. छ्याऐंशीची झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. चाचपडत दोन्ही कप्पे भरले, एकात पत्ती, एकात साखर.

‘घेऊन जाय,’ ती म्हणाली. ‘पण कपाटात ठेवून नको देजो, वापरजो.’

मी माझ्या रीतीप्रमाणे स्टीलचा डबा पुढं केला. तो तिनं घेतला आणि त्यातल्या करंज्या नातवंडांना वाटून टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून तिचा रोज चार वाजता फोन यायला लागला. दुसरं काही नाही, एकच प्रश्न, ‘केस धुतले काय?’ मी हो म्हणायची. वास्तविक डबा काचेच्या कपाटात होता आणि माझा चहा लोणच्याच्या बरणीतून होत होता.

जुन्या वस्तूंची हौस असणाऱ्यांचा मोबाइलवर एक गट आहे, त्यात मी डब्याचा फोटो टाकला. खूप कौतुक झालं. एक पुण्याचे गृहस्थ, जाणकार समजले जाणारे, त्यांनी लिहिलं की डबा अप्रतिम, पण कोणीतरी त्यावर काहीबाही रंगवून नासवला आहे, तेवढं काढलं तर मूळ रूप येईल. कोणीतरी म्हणजे कोण, हे मी त्यांना लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, कशानं काढू? महिनाभरावर इथं वाचनालयाच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन होतं आणि माझा डबा मधल्या टेबलावर ठेवायचं ठरलं होतं. मला तो मूळ रूपात हवा होता. एवढंच कारण आहे. बाकी जी कारणं मी मास्तरांना नंतर सांगितली ती सगळी नंतर सुचलेली.

आतली पत्ती आणि साखर काढून ठेवली. टर्पेंटाइन आणि कापूस, दहा मिनिटं लागली. साठाहून जास्त वर्षं टिकलेला शब्द कापसाच्या तीन बोळ्यांवर आला. खालून सोनेरी लव्हाळीची दोन पाती निघाली, जी मी कधी पाहिलीच नव्हती. डबा देखणा दिसत होता. आणि तो आमचा दिसत नव्हता. मी ते बोळे फेकले नाहीत, वेड्यासारखे कागदात गुंडाळून ठेवले. प्रदर्शनात डब्याला पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र मी कपाटाच्या मागे सरकवून दिलं.

तेवढ्यात सिंदीहून चुलतभावाचा फोन आला. मोठ्या आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया वर्ध्याला ठरली आहे, ती आठ दिवस तुझ्याकडे राहील. आणि ती म्हणते, डोळा उघडला की पहिले माझा डबा पाहीन.

मास्तर म्हणाले, सरळ सांगून टाक. मी म्हटलं, सांगते. आणि रंगाच्या दुकानात गेले. माझ्याकडे मोबाइलमधला फोटो होताच. पांढरा तेलरंग आणि बारीक ब्रश आणला, आणि शिके एका बाजूला, काई दुसऱ्या बाजूला असं लिहून काढलं. तेहतीस वर्षं मस्टर लिहिलेला हात, वाकडं लिहिणं त्याला जमेना. ‘शि’ची वेलांटी मुद्दाम दोनदा बिघडवली. फोटोत अक्षरांवरची रेघ दिसत नव्हती. तिथं उजेडाची चमक आली होती, आणि मुळात असलेली रेघ दर दिवाळीला डबा घासून उडाली असेल असं मी गृहीत धरलं. रेघेशिवाय शब्द सोडून उठणं माझ्यानं झालं नसतं. मी दोन्ही तुकड्यांवर रेघ ओढली. मग कडक चहाच्या पाण्यात फडकं बुडवून सगळं थोडं मळवलं. मास्तर दारात उभे राहून पाहत होते. ‘आज सांगितलंस तर एक चूक,’ ते म्हणाले, ‘उद्या सांगशील तर दोन.’ मी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

मोठी आई आली ती डबा मागतच. मी डबा तिच्या हातात दिला. तिनं डोळे बारीक केले, काही दिसलं नाही, मग बोटानं पट्टीच्या दोन्ही बाजू चाचपल्या. रंगाचा उंचवटा लागला. ‘हाय,’ ती म्हणाली आणि डबा परत दिला. झाकण उघडून पाहिलं असतं तर रिकामा दिसला असता. मी सुटले असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांनी बजावलं, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, महिनाभर केस धुवायचे नाहीत. मोठी आई ऑटोत बसल्यावर एवढी हसली की मला तिचा डोळा धरून ठेवावासा वाटला. ‘केस धुवाचे नाई म्हन्ते,’ ती मास्तरांना म्हणाली, ‘मंग मी महिनाभर चाय कशी पेवाची?’ आम्ही तिघं घरापर्यंत हसत आलो. त्या हसण्यातच मी सांगायला हवं होतं. घर जवळ होतं, रस्ता संपला.

दोन दिवसांनी, दुपारी चारच्या सुमारास, ती काळा चष्मा लावून खिडकीपाशी बसली होती. मी चहा टाकत होते. तिनं मास्तरांना डबा मागितला, आणि मी ओट्यापाशी असेपर्यंत त्यांनी तो दिलासुद्धा. बाहेर आले तेव्हा तिनं चष्मा कपाळावर सरकवला होता आणि डबा उजेडाकडे धरला होता.

‘रेघ कोनं मारली?’ तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. टर्पेंटाइन, पुण्याचे गृहस्थ, प्रदर्शन, ब्रश, चहाचं पाणी. कागदातले कापसाचे बोळेसुद्धा आणून दाखवले, का ते मला आजही सांगता येणार नाही. ती बोळ्यांकडे पाहत राहिली.

मग तिनं सांगितलं ते मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मोठे बाबूजी तिला शिकवताना वरची रेघ मारू देत नसत. तिनं नुसती अक्षरं लिहायची. शब्द बरोबर आला की रेघ ते स्वतः मारायचे, तेच तिचे मार्क. रेघ म्हणजे छप्पर, ते म्हणायचे, भिंती सरळ झाल्याबिगर छप्पर टाकत नसतात. डब्यावरचा शब्द तिनं त्यांना न विचारता, पाटीवर न गिरवता लिहिला होता. स्वतःच्या मनानं लिहिलेला पहिला आख्खा शब्द. लिहून झाल्यावर डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि ब्रश पुढं केला, मारा रेघ. त्यांनी मोठ्यानं वाचलं. कुलूपपट्टीपाशी थांबून वाचलं, ‘शिके... काई.’ आणि हसत सुटले, की घ्या, शिकली काई तरी. मग झाकण उघडून आत पाहिलं. चायपत्ती पाहिली. आणि ब्रश तिच्या हातात परत दिला. अक्षरं बरोबर आहेत पण शब्द खोटा आहे, म्हणाले, खोट्या शब्दावर मी रेघ मारत नसतो. आत शिकेकाई भर, मग मारतो. ‘मंग चाय कुठी ठेवू?’ तिनं विचारलं होतं. चहा बंद व्हावा हे त्यांनाही नको होतं, त्यांचेही केस रोज मळत होतेच.

तेव्हापासून तो त्यांचा खेळ झाला. दर दिवाळीला डबा घासून झाला की ती ब्रश नाही तर नुसती काडी पुढं करायची, मारा आता. ते झाकण उघडून पाहायचे आणि मान हलवायचे. शेवटच्या दिवाळीतही अंथरुणावरून त्यांनी झाकण उघडायला लावलं होतं.

‘त्यायनं पन्नास वर्षं मारली नाई ते रेघ,’ ती म्हणाली. ‘तुनं एका दुपारी मारली.’

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या पायाशी खाली बसले आणि रडले, साठी उलटलेली बाई. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, दूरही सारलं नाही. डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून ती वर छताकडे पाहत बसली. मास्तरांनी चहा गाळला आणि तिघांपुढं कप ठेवले. थंड झाल्यावर ते त्यांनीच उचलून नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॉकेल आणि फडकं घेऊन बसले, रेघ तरी पुसते म्हणून. तिनं फडकं काढून घेतलं. आता पुसापुशी पुरे, म्हणाली. मग मास्तरांना बाजारात पाठवून अर्धा किलो शिकेकाई मागवली, शेंगा, पूड नको. आल्यावर पदरात घेऊन एकेक शेंग मोडली आणि डब्याचे दोन्ही कप्पे भरले. साखरेचा कप्पा भरताना क्षणभर थांबली.

‘रेघ आली ना आता,’ ती म्हणाली. ‘आतमंदी तेच पाह्यजे. नाई तं ते खोटं होते.’

झाकण लावून तिनं डबा माझ्याकडे दिला. मी तो घेणार नाही, तू सिंदीला ने, असं म्हटलं, तर म्हणाली दिलेला डबा परत नेत नसतात. आठव्या दिवशी चुलतभाऊ येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती मास्तरांशी नीट बोलली. मला एवढंच म्हणाली, ‘येतो.’

चार वाजताचा फोन बंद झाला. पहिल्या दिवशी मला वाटलं, थकली असेल. दुसऱ्या दिवशी डोळ्यामुळे. आठवडा गेल्यावर मी कारणं शोधणं सोडून दिलं. चार वाजले की मी फोन उचलून पाहायची, मग चहा न करताच पुन्हा ठेवायची. चुलतभावाकडून कळायचं, तब्येत चांगली आहे, नवीन डोळ्यानं पेपर वाचते, कधी दिवसभर वाचते. मी फोन केला की सुनेकडून निरोप मिळायचा, झोपल्या आहेत. डबा मी काचेच्या कपाटातून काढला आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवला. चहाच्या त्रेचाळीस डब्यांत तो एकटा असा, की वर जे लिहिलं आहे तेच आत आहे. झाकण उघडलं की शिंका येतात. मास्तरांनी लोणच्याच्या बरणीची गंमत पाहुण्यांना सांगणं आपण होऊन थांबवलं, तेव्हा मला माझी फार कीव आली.

महिन्याच्या वर दोन दिवस झाले असतील. चार वाजता फोन वाजला.

मोठी आई होती. डॉक्टरांनी डोक्यावरून पाणी घ्यायला हो म्हटलं, तिनं सांगितलं. सकाळी सुनेनं तिचे केस धुऊन दिले, महिन्याचा मळ निघाला, आता डोकं हलकं झालं आहे. मी नुसती हूं हूं करत होते. मग पलीकडून रेल्वे गेल्याचा आवाज आला, तो पूर्ण जाईपर्यंत दोघी थांबलो.

‘तुह्ये धुतले काय?’ तिनं विचारलं.

कोणते केस ती विचारत होती ते मला कळलं नाही, आणि आता विचारायचीही भीती होती. नाही, म्हटलं, महिनाभर धुतलेच नाहीत.

‘मंग धू,’ ती म्हणाली. ‘मी थांबतो फोनवर.’

मी फोन ओट्यावर उभा करून ठेवला आणि गॅसवर आधण टाकलं. लोणच्याच्या बरणीतून पूड काढली तेव्हा चमचा बरणीला लागून वाजला. तिकडून ती विचारत होती, साखर टाकली काय.